फराळाच्या खोक्यातले सात थर

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच काकूंचा फोन. "अरे, चाळीच्या कचऱ्याच्या डब्यात माझीच खोकी पडलीत. लाल, सोनेरी अक्षरांची. जिन्यावरून माझं नाव वाचता येतंय. तू जरा येऊन जा."

काकू म्हणजे माझ्या शाळेतल्या मित्राची आई. परळच्या एका चाळीत तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन गेली एकवीस वर्षं फराळ करून विकतात. एरवी सहा बायका असतात, नवरात्र उलटलं की पंधरा. मी खोक्यांच्या धंद्यातला. अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये शिकलो आणि पुढे वसईला पुठ्ठ्याच्या कारखान्यात वीस वर्षं काढली. काकूंच्या फराळाचं बाहेरचं खोकं माझ्याच कारखान्यातून जायचं. तेव्हा त्या सकाळी कचऱ्याच्या डब्यात जे पडलं होतं त्यात माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकतो.

पुढचं वर्षभर आम्ही त्या खोक्याचं काय काय केलं ते इथे लिहितोय. घरगुती धंदा करणारे बरेच जण मला विचारतात, "इको-फ्रेंडली पॅकिंग कुठे मिळेल?" मी आता त्यांना उलट विचारतो, की सध्या जे वापरताय ते कधी आलं, आणि कोणाच्या सांगण्यावरून आलं?

काट्यावर

कपाटातून पाठवायला तयार असलेलं एक खोकं काढलं, ओट्यावर ठेवलं आणि एकेक थर सोलत गेलो. शेजारी काकूंचा लाडू तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा.

सगळ्यात बाहेर कुरियरची करडी प्लास्टिकची पिशवी, 20 ग्रॅम. तिच्या आत माझं 3 प्लायचं कोरुगेटेड, म्हणजे तीन थरांच्या नालीदार पुठ्ठ्याचं खोकं, 190 ग्रॅम. त्यात घडी घालून ठेवलेली चकचकीत कागदी पिशवी, दोऱ्यांचे बंद असलेली, 70 ग्रॅम. ही कशाला, तर घेणाऱ्याला पुढे कोणाला भेट द्यायची झाली तर हातात धरायला. मग मुख्य मानकरी: कप्प्याचं लाल खोकं, झाकणाला लोहचुंबक, उघडताना 'टक्' असा आवाज करणारं. एकट्याचं वजन 380 ग्रॅम. आत सोनेरी ट्रे आणि रंगीत कागदाचं कातरण, दोन्ही मिळून 50. ट्रेमध्ये पाच चौकोनी पेट (PET) प्लास्टिकच्या बरण्या, प्रत्येकी 30. आणि बरणीत पुन्हा पातळ पिशवी, तिच्यात चकली. पाच पिशव्यांचे 20 ग्रॅम.

बेरीज 880 ग्रॅम. फराळ किती? लाडू 250, चकली, चिवडा आणि शंकरपाळी प्रत्येकी 200, करंज्या 150. बरोबर एक किलो.

काकू काट्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी पुठ्ठाच विकते की. वरून फराळ फुकट."

पैशांचा हिशेब तसाच निघाला. एका खोक्यामागे पॅकिंगला 140 रुपये जात होते. शिवाय कुरियरचं दुखणं वेगळं. हवाई कुरियरवाले खऱ्या वजनाच्या जोडीला आकारमानाचं वजनही काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करून 5000 ने भागायचं, आणि दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे लावायचे. आमचं खोकं 34 बाय 28 बाय 12. भागून आले 2.28 किलो, खरं वजन 1.88. आकारणी अर्ध्या किलोच्या टप्प्याने, म्हणून पैसे अडीच किलोचे. एक किलो फराळासाठी काकू दीड किलो हवा, पुठ्ठा आणि चमक विमानाने पाठवत होत्या.

बरण्या पाचही एकाच मापाच्या होत्या, कारण क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतला घाऊक व्यापारी एकच माप घेतलं तर भाव कमी करायचा. चिवड्याला ती बरणी जेमतेम पुरायची, लाडवांना दुप्पट मोठी व्हायची. मग लाडवांवरची पोकळी टिश्यू कागद कोंबून भरायची. त्यासाठी संध्याकाळी दोन बायका बसायच्या.

भंगारवाल्याचा निकाल

तेच रिकामं खोकं घेऊन मी नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे गेलो. माणूस मूळचा सांगलीकडचा, तीस वर्षं त्याच टपरीत. म्हटलं, "यातलं काय काय घेणार, सांगा."

कोरुगेटेड खोकं त्याने न बघताच पुठ्ठ्याच्या ढिगावर भिरकावलं. बरण्या घेतल्या, पण वरचे स्टिकर बघून कपाळाला आठी. "हे खरवडायला माणूस लावायचा कुठून?" कुरियरची पिशवी बोटांत चोळून बघितली, कडेला ठेवली, "बघू." सोनेरी ट्रे त्याने हातातही घेतला नाही. लाल खोक्याचा कोपरा नखाने उचलला, वरची प्लास्टिकची पापुद्र्यासारखी फिल्म सुटून आली. ती मला दाखवत म्हणाला, "या कागदाचा लगदा कसा करणार? वर प्लास्टिक, मध्ये पुठ्ठा, खाली डिंक." मग स्क्रूड्रायव्हर काढला, झाकणातून चुंबक उचकटून खिशात टाकला आणि खोकं माझ्या हातात परत दिलं.

वीस वर्षं मी या धंद्यात आहे. पॅकिंगचं इतकं नेमकं परीक्षण मला कुठल्या प्रयोगशाळेत मिळालं नव्हतं. धारावीच्या 13 कंपाऊंडमध्ये, म्हणजे भंगाराच्या पुनर्वापराच्या वस्तीत, जे पोचतं त्याचं पुढे काहीतरी होतं. जे या टपरीवरच नाकारलं जातं ते पालिकेच्या गाडीतून देवनार नाहीतर कांजूरमार्ग. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं आहे. एवढ्या वर्षांत त्याच्या पोटात काय काय गेलं असेल, त्यात आता आमचे सोनेरी ट्रे.

वहीतल्या तक्रारी

काकूंकडे एक निळी वही आहे. गिऱ्हाइकाचा फोन आला की तारीख घालून त्यात लिहितात. मी ती वही घरी नेली आणि दोन रात्री वाचली. या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे होती.

सुरुवातीच्या पानांवर फराळ साध्या मिठाईच्या खोक्यात जायचा, आत बटर पेपर. मग नोंद येते: चकल्या सादळल्या, दादर. पुढच्या वर्षीपासून पिशव्या. मग: करंज्यांचा चुरा, ठाणे. पुढच्या वर्षी बरण्या. मग: बरण्या खोक्यात वाजतात, एक झाकण उघडलं. ट्रे आला. ट्रे मावेना म्हणून मोठं खोकं, आणि एका ऑफिसच्या खरेदीवाल्यांनी दुसरीकडचा नमुना दाखवला म्हणून चुंबकवालं. चुंबकवाल्या खोक्यावर टेम्पोत ओरखडे पडले, म्हणून बाहेरून माझं कोरुगेटेड. कोरुगेटेड पावसात भिजलं, म्हणून कुरियरची पिशवी.

म्हणजे बघा. पिशवी आणि बरणी फराळासाठी आल्या. त्यानंतरचा प्रत्येक थर आधीच्या थराला सांभाळायला आला होता. बरणीला ट्रे, ट्रेला खोकं, खोक्याला खोकं, त्या खोक्याला पिशवी. करंजीचा त्याच्याशी काही संबंध उरला नव्हता. आणि इतकं करूनही वहीत गेल्या दिवाळीला करंजी मोडल्याच्या तक्रारी होत्याच, कारण अर्ध्या रिकाम्या बरणीत करंज्या एकमेकींवर आपटत होत्या.

यातला कुठलाच थर कोणी मूर्खपणाने घातलेला नाही. प्रत्येकामागे एक फोन आहे, एक रागावलेलं गिऱ्हाईक आहे. फक्त नवीन थर आला तेव्हा जुना काढता येईल का, हे कोणी विचारलं नाही. पॅकिंगमध्ये घालायला सगळे तयार असतात, काढायची जबाबदारी कोणाची नसते.

एक थर मात्र निघाला होता, तो सरकारने काढला होता. आधी लाल खोक्यावर पारदर्शक फिल्मही असायची. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी आली त्यात मिठाईच्या खोक्यांवर, निमंत्रणपत्रिकांवर आणि सिगारेटच्या पाकिटांवर गुंडाळायची फिल्म होती. ती गेली. काकूंनी तिच्या जागी साटीनची रिबीन आणली होती, ती पुढच्या वर्षी महाग पडते म्हणून बंद झाली.

कायद्याचं एवढंच. 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, गटारं तुंबण्याचं खापर पिशव्यांवर फुटलं आणि पुढच्या वर्षी राज्याने 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. 2018 मध्ये त्याहून मोठी प्लास्टिकबंदी आली, पहिल्यांदा सापडलं तर 5,000 रुपये दंड. हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी गेलेल्या परळकरांना या बंदीची कारणं कोणी समजवायला नकोत. पण हे सगळं मुख्यतः पिशवी, ताट, चमचा याभोवती फिरतं. 2022 च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांवर आपल्या पॅकिंगचं प्लास्टिक गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली, तीही प्लास्टिकपुरती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ब्रँडचे मालक म्हणून त्यातून सूट आहे. लाल खोक्याबद्दल काकूंना कायद्याने काहीच विचारलं नव्हतं. विचारलं ते चाळीच्या जिन्याने.

श्रावणातली चकली

ठरलं असं की आधी फराळाला खरोखर काय लागतं ते शोधायचं. मी म्हटलं, चाचणी श्रावणात करू. मुंबईच्या श्रावणात चकली टिकली तर दिवाळीत टिकणारच.

काकूंनी भाजणी काढली आणि एकाच घाण्याच्या चकल्या आम्ही तीन प्रकारे बांधल्या, जोडीला बाकीचा थोडा फराळही तसाच. पहिला, बटर पेपर आणि वर ब्राऊन पेपरची पिशवी, कारण काकूंच्या सुनेला प्लास्टिक अजिबात नको होतं. दुसरा, जाड पॉलिथिनची साधी पिशवी, दुधाच्या पिशवीच्या जातीची, तोंड मशीनने सील केलेलं. तिसरा, वेफर्सच्या पाकिटासारखी आतून चंदेरी, अनेक थरांची. रोज दुपारी चारला प्रत्येकातली एक पिशवी फोडायची, चकली कानाजवळ धरून मोडायची, मग खायची. कानाजवळ धरायची कल्पना काकूंची. त्यांचं म्हणणं, सादळलेली चकली जिभेच्या आधी कानाला कळते.

कागदातली चकली तिसऱ्या दिवशी गेली. मोडताना आवाजच नाही, नुसती वाकली. लाडवांच्या कागदावर तुपाचे असे डाग पडले की वरचं लेबल वाचता येईना. सुनेला वाईट वाटलं, मलाही. पण कागद ओल अडवत नाही, आणि बटर पेपर तूप जरा वेळ थोपवतो, हवेतली वाफ नाही. कागद म्हणजे चांगला आणि प्लास्टिक म्हणजे वाईट एवढ्यावर निर्णय घेतला असता तर दर खोक्यामागे पाव किलो फराळ फेकला गेला असता. त्या फराळातलं तेल, बेसन, गॅस आणि पंधरा बायकांची पाठ हिशेबात धरली तर पिशवीचे सहा ग्रॅम काहीच नाहीत.

चंदेरी पिशवी अर्थातच जिंकली. महिना उलटला तरी चकली कुरकुरीत, वास ताजा. साधं पॉलिथिन पाण्याची वाफ चांगली अडवतं, पण प्राणवायू त्यातून आत शिरतो आणि तेल खवट होतं. धातूचा मुलामा दिलेली फिल्म दोन्ही अडवते. पण ती वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना चिकटवून केलेली असते, ते सुटे होत नाहीत, म्हणून नाक्यावरचा माणूस ती घेत नाही. पॉलिथिनच्या पिशवीत चौथ्या आठवड्यात चिवड्यातल्या शेंगदाण्यांना किंचित वास आला. चकली, शंकरपाळी ठीक होती.

इथे मी दोन दिवस अडलो होतो. मग काकूंनीच विचारलं, "पण आपण लेबलवर 45 दिवस का लिहितो?"

का लिहितो? कोणालाच आठवेना. वहीतही नव्हतं. बहुधा दुकानातल्या पाकिटावर बघून लिहिलं असावं. दिवाळीचा फराळ वसुबारसेला घरात येतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत डबे खरवडून होतात. आम्ही 45 दिवसांचं चिलखत घालत होतो, लढाई पंधरा-वीस दिवसांची. लेबलवर 25 दिवस केले आणि साधी पॉलिथिनची पिशवी पुरेशी ठरली. फक्त परदेशी जाणाऱ्या खोक्यांना चंदेरी ठेवली. तिथे फराळ पोचेपर्यंतच बराच काळ जातो, आणि पोचल्यावर माणसं तो पुरवून पुरवून खातात.

पिशवीवर थेट छपाई करायची होती, स्टिकर नको म्हणून. पण छपाईचे सिलिंडर कोरायचा खर्च आणि कमीत कमी घ्यायचा माल काकूंच्या दहा दिवाळ्यांना पुरला असता. म्हणून स्टिकर राहिला, तळहाताएवढा होता तो काडेपेटीएवढा केला. घटक, वजन, तारीख, हिरवा ठिपका, परवाना क्रमांक, असं जे जे कायद्याने लागतं ते त्यात कसंबसं बसलं. भंगारवाल्याची आठी काही पूर्ण गेलेली नाही.

करंजी उभी राहिली

मोडतोडीचं उत्तर त्यामानाने पटकन मिळालं. करंजी आडवी ठेवली की वरच्या करंजीचा भार तिच्या पोटावर येतो, आणि पोट पोकळ. तीच मुरड वर करून उभी लावली, फायलींसारखी, मध्ये पुठ्ठ्याची पातळ पट्टी, तर भार जाड कडेवर येतो. काकूंच्या घरात करंज्या डब्यात उभ्याच लावायची पद्धत, त्यांच्या आईपासूनची. बरण्या आल्यावर ती मोडली होती.

खोकं लहान केलं, 24 बाय 18 बाय 11. आत पुठ्ठ्याचे कप्पे, कुठेही हालायला जागा नाही. पोकळी ठेवली नाही की वेगळी गादी लागत नाही. वेफर्सच्या पाकिटातली हवा निदान वेफर्सना सांभाळते. खोकं मोठं दिसावं म्हणून ठेवलेली पोकळी आतल्या मालाला आपटायला मैदान देते.

मग आपटून बघायचं होतं. कुरियरच्या मालाची नेहमीची चाचणी अशी: साधारण 76 सेंटीमीटरवरून आधी एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर, एकूण दहा वेळा. मी भरलेलं खोकं कमरेच्या उंचीवर धरलं तशा काकू उठल्याच.

"अन्न आहे ते. आपटतोस काय?"

पाच मिनिटं समजावलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी तोड निघाली. त्या दिवशी तळताना लाल झालेल्या, विकायच्या नसलेल्या करंज्या भरायच्या, आणि आपटून झाल्यावर सगळ्यांनी मिळून खायच्या, चुरासुद्धा. तसं केलं. प्रत्येक आपटीला काकू दुसरीकडे बघत होत्या. सोळा करंज्यांतल्या दोन तडकल्या. जुन्या खोक्याची तशीच चाचणी घेतली तर सात. चुरा दुधात घालून खाल्ला.

डबा परत येण्याची गोष्ट

सुनेचा आग्रह होता की आसपासच्या गिऱ्हाइकांना स्टीलच्या डब्यात द्यावं, 100 रुपये अनामत घेऊन. मुंबईत राहून ही कल्पना सुचणारच. डबेवाल्यांचा डबा रोज परत येतो. आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून मिळायचं तेव्हा घराघरांतून रिकाम्या बाटल्या परत जायच्याच. गौरीच्या फराळाला आम्ही 40 डबे दिले.

अनामतीचं नाव काढताच तीन बायकांनी काकूंना सुनावलं, "माझ्यावर विश्वास नाही होय?" काकूंनी तिथल्या तिथे अनामत बंद केली. डबे मात्र येईनात. आठवण करायला गेलं की उत्तर एकच: "देते हो, रिकामा कसा देऊ?" आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे आमच्या आराखड्यात कुठेच नव्हतं. मग कोणी शिरा होईल त्या दिवसाची वाट बघत होतं, कोणी गावाहून काही येण्याची. दसऱ्याला एकदम अकरा डबे आले, आत कोणाची खीर, कोणाच्या पुरणपोळ्या, वर आपट्याचं पान. तोवरचे धरून 26. बाकीचे दिवाळीला उपयोगी पडतील अशा वेळेत येणार नव्हतेच.

मला वाटतं, डबेवाल्याचा डबा परत येतो कारण उद्या त्याच डब्यात भात भरायचा असतो. आरेची बाटली परत जायची कारण सकाळचं दूध तिच्याशी बांधलेलं होतं. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूला तशी ओढ नसते. 2018 च्या बंदीबरोबर राज्याने दुधाच्या पिशव्या 50 पैसे देऊन परत घ्यायचं ठरवलं होतं. दूध रोजचं, तरी माझ्या घरातली पिशवी दूधवाल्याकडे कधी परत गेलेली नाही. 50 पैशांसाठी कोण पिशवी धुऊन वाळवून जपतो? डब्याची योजना आम्ही चाळीतल्या चाळीतच ठेवली, जिथे काकू स्वतः जाऊन डबा मागू शकतात आणि मागताना चहाही पिऊ शकतात.

खणाच्या कापडाच्या पोटलीचाही प्रस्ताव आला होता. दिसायला देखणी, फोटोत तर फारच. पण प्रत्येक घरात सध्या कापडी पिशव्यांची एक पिशवी असते, आणि तिच्यात आणखी एक घालून कचरा कमी झाला असं मला म्हणता येईना. शिवाय तुपाच्या डागाचं काय? तो प्रस्ताव मीच पाडला.

"हातात जड लागलं पाहिजे"

नवीन खोकं एकच. तेच बाहेरचं, तेच भेटीचं. बारीक फ्लूटचं, म्हणजे आतल्या नाळ्या बारीक असलेलं कोरुगेटेड, लॅमिनेशन नाही, एकाच रंगाची छपाई. झाकणाच्या आतल्या बाजूला ज्या बायकांनी तो फराळ केला त्यांची नावं, हातांनी लिहिलेली. कप्पे, पिशव्या धरून पॅकिंगचं वजन 180 ग्रॅम, खर्च 58 रुपये. कुरियरचा टप्पा अडीच किलोवरून दीडवर आला.

दोन ऑफिसं काकूंची मोठी गिऱ्हाइकं. नमुना पाठवला. एका ठिकाणच्या खरेदीवाल्यांचा फोन मी स्पीकरवर ऐकला.

"काकू, छान आहे, पण हातात जड लागलं पाहिजे हो. आमचे साहेब पार्टीच्या हातात देणार. माणूस आधी वजन बघतो."

"वजन पाहिजे ना? मग चार लाडू जास्त घालते," काकू म्हणाल्या.

ते हसले, पण ऑर्डर दुसरीकडे गेली. काकूंच्या दिवाळीचा जवळजवळ सहावा हिस्सा होता तो. दुसऱ्या ऑफिसने मात्र चार लाडवांची गोष्ट उचलली: त्याच किमतीत खोक्यात 150 ग्रॅम फराळ जास्त. काकू म्हणतात तसं, पुठ्ठ्याचे पैसे बेसनात गेले. मिठाईच्या दुकानात खोक्यासकट तोलून देतात तेव्हा आपण भांडतो, आणि भेटीच्या खोक्याचा पुठ्ठा मात्र हौसेने तोलून घेतो, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

दिवाळी आली. सुरुवातीलाच परतीचा पाऊस. कुरियरची पिशवी आम्ही काढली होती, आणि स्कूटरवरून गेलेली नऊ खोकी खालून मऊ पडली. चूक माझी. थर काढताना तो ज्या तक्रारीमुळे आला होता तिला दुसरं उत्तर द्यायला मी विसरलो होतो, आणि वही माझ्याच घरात पडून होती. दोन दिवसांत पोचवणाऱ्या मुलांना रेक्झिनच्या मोठ्या पिशव्या शिवून दिल्या, त्या रोज संध्याकाळी परत येतात. बाहेरगावच्या कुरियरला प्लास्टिकची पिशवी पुन्हा सुरू केली. म्हणजे सातातले साडेतीन थर उरले म्हणा.

टिश्यू कोंबायला आणि ट्रे लावायला संध्याकाळी बसणाऱ्या दोघी बायका होत्या. ते काम संपलं. एक सील मशीनवर बसली, दुसरीला या वर्षी तेवढे तास मिळाले नाहीत. हिशेबात हेही धरायला हवं.

सगळ्यात अनपेक्षित तक्रार बरण्यांची. वहीत एका पानावर ओळीने पाच फोन: बरण्या का बंद केल्या? एका आजींनी तर दर दिवाळीच्या पाच बरण्या जमवून स्वयंपाकघराची अख्खी फळी लावली होती, तूरडाळीपासून सुक्या खोबऱ्यापर्यंत, सगळ्या एका मापाच्या. या वर्षी एक बरणी फुटली आणि जोडी मिळेना. मी काट्यावर ज्यांचा 150 ग्रॅम कचरा म्हणून हिशेब केला होता, त्या बरण्याच कदाचित सगळ्यात कमी फेकल्या जात होत्या. आता 20 रुपये जास्त दिले तर लाडू बरणीत मिळतात, मागेल त्यालाच. बऱ्याच जणी मागतात.

खोकी गेली 1,200. एका खोक्यामागे साधारण 700 ग्रॅम कमी, म्हणजे जवळपास 840 किलो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळीच परळला गेलो. खोकी होतीच, पण कोणीतरी चपटी करून कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलेली. आठच्या आत नाक्यावरचा माणूस हातगाडीवर घालून घेऊन गेला. पिशव्यांचं काय झालं ते मला दिसलं नाही.

जुनी 260 लाल खोकी अजून माळ्यावर आहेत. आगाऊ छापून घेतली होती. दोन-चारांत काकू बिलं ठेवतात, एकावर 'गॅस' लिहिलंय, एकावर 'तूप'. एक नातवाने पत्त्यांसाठी नेलं. बाकीच्यांसाठी कोणी गिऱ्हाईक मिळतंय का बघ, असं मला दर महिन्याला सांगतात, आणि मी दर महिन्याला बघतो म्हणतो.